वजन बरोबर, रक्त नाही : नाशिकच्या सिडकोतल्या दादूचं ताट

सुरुवात वजनापासून करते, कारण सगळा घोळ तिथेच झाला होता. मुलगा सव्वासहा वर्षांचा, घरी सगळे दादू म्हणतात म्हणून इथेही दादूच. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षी झालेलं, बोलणं एकेका शब्दाचं, बाकी चित्रांची कार्डं नाहीतर हात धरून ओढत नेणं. वजन १९ किलो ४००. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलासाठी १८.३ किलो धरलंय, म्हणजे कागदावर पोरगं एकदम व्यवस्थित. त्यामुळे आई जिथे जिथे म्हणाली की हा काहीच खात नाही तिथे तिथे तिला वजनाचा काटा दाखवून घरी पाठवलं गेलं. "ताई, वजन तर छान आहे, तुम्हीच टेन्शन घेताय."

मी आहारतज्ज्ञ, माझ्याकडे कॉलेज रोडला आले तेव्हा जून संपत आलेला, बाहेर धो धो. पप्पा अंबडला कंपनीत, नाइट शिफ्ट करून तसेच आलेले, डोळे लाल. आजी सोबत, गळ्यात माळ. दादूने रेनकोट काढूच दिला नाही, सगळा वेळ त्याच्या कॉलरला चावत बसला. मी आधी तोंड उघडून हिरड्या बघितल्या (फळ-भाजी शून्य असेल तर क जीवनसत्त्व संपून हिरड्या सुजतात, पाय दुखून मूल लंगडायला लागतं, ऑटिझमच्या मुलांमध्ये स्कर्व्हीच्या केसेस आजही सापडतात), तर हिरड्या ठीक होत्या पण पांढऱ्या फटक. आणि नखात पांढरी पूड. मी विचारलं हे काय, तर आई एकदम गप्प, मग हळूच म्हणाली, "गॅलरीच्या भिंतीला ओल आलीये ना मॅडम, तिथला पोपडा खातो. मारून झालं, मिरची लावून झाली."

पोपडा, माती, खडू, बर्फ असलं काही खाणं म्हणजे पायका. ऑटिझममध्ये ते नुसतं सेन्सरी कारणानेही असू शकतं त्यामुळे बरेच जण "ऑटिझम आहे म्हणून करतो" म्हणून सोडून देतात. मी आधी रक्त बघते. हिमोग्लोबिन आलं ७.८, फेरिटिन ४. ५ ते ११ वर्षांच्या मुलात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे शरीराचा लोहाचा साठा संपला, इथे तर डब्याचा तळ खरवडून झालेला. सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, याआधी कोणी सांगितलीच नव्हती. वजन चांगलं होतं ना.

मग ताट लिहून काढलं. दूध, ग्लुकोज बिस्किट, पांढरा मोकळा भात तूप-मीठ घालून, एकाच कंपनीच्या पिवळ्या पुड्यातले साधे बटाटा वेफर्स. संपलं. चार. वर्षभरापूर्वी पाच होते, पोळी खायचा, पण मधे कोणीतरी गहू आणि दूध दोन्ही बंद करा, दोन महिन्यात पोरगं बोलायला लागेल असं सांगितलं. दूध बंद करणं घरच्यांना जमलं नाही, गहू मात्र पाळला, सहा आठवडे, आणि परत पोळी पुढे केली तेव्हा दादूने तिला ओळखच दाखवली नाही. पोळी गेली ती गेलीच. ह्या गहू-दूध बंदवर मी वाद घालत बसत नाही, २००८ साली कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास गोळा करून पुरावा तपासणारी संस्था) आढावा घेतला तेव्हा त्यांना धड असे दोनच छोटे अभ्यास मिळाले होते, आणि पुरावा फारसा नाही असंच त्यांनी लिहिलं. ज्याला सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा आजार) आहे, दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्याचं वेगळं. पण ज्या मुलाकडे पाचच पदार्थ आहेत त्याच्यातला एक प्रयोग म्हणून काढून घ्यायचा म्हणजे काय हे सांगणाऱ्याला कळलेलं नसतं. आपल्याला वाटतं महिन्याने परत देऊ. त्याच्यासाठी तो पदार्थ मेलेला असतो.

आता दूध. हे जरा सविस्तर सांगते, कारण वजनाचं कोडं इथे सुटतं. गवळ्याचं म्हशीचं दूध, स्टीलचा ग्लास, त्याच्यावर आजीचं नाव कोरलेलं, लग्नातला. दोनशे मिली बसतं. दिवसातून सहा वेळा, त्यातला एक रात्री अकराला अर्धवट झोपेत आणि एक पहाटे. म्हणजे १२०० मिली. म्हशीच्या दुधात १०० मिलीला साधारण १०० कॅलरी, म्हणजे नुसत्या दुधाच्याच बाराशेच्या आसपास, आणि ह्या वयाची दिवसाची गरज १३६० धरलीये. वर बिस्किटं आणि भात. भूक लागणार कुठून! वजन वाढणारच. पण दुधात लोह जवळजवळ नसतं, गरज दिवसाला ११ मिलिग्रॅमची, आणि एवढं दूध पोटात असलं की दुसऱ्या अन्नातलं थोडंफार लोह आहे तेही नीट शोषलं जात नाही. शिवाय शी. चार-पाच दिवसांनी एकदा, खडा, रडारड. पोट असं गच्च असलेलं मूल नवीन काही तोंडात घेईल ही अपेक्षाच चुकीची आहे, आपण तरी घेऊ का.

आजीचं म्हणणं वेगळं होतं. "लाडावून ठेवलंय. दोन दिस उपाशी ठेवा, बरोबर खातो का नाही बघा. आमची पोरं कशी वाढली?" हा प्रयोगही झालेला होता. मे महिन्यात दिंडोरीला मामाच्या मळ्यात असताना दूध-बिस्किट लपवून ठेवलं, समोर फक्त वरण-भात-भाजी. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसऱ्या दिवशी पोरगं निपचित, दवाखान्यात सलाइन. भूक लागली की कोणीही खातं हे बहुतेक मुलांना लागू पडतं, ह्यांच्यातल्या काहींना नाही. पोटातली भूक ही भूक म्हणून कळणंच अवघड जातं, आणि समोरचं ओलं-पिवळं-वासाचं वरण त्यांना अन्न वाटतच नाही, आपल्यासमोर कोणी ताटात साबण वाढावा तसं. लिओ कॅनरने १९४३ मध्ये पहिल्यांदा ११ मुलांचं वर्णन लिहिलं त्यातही अगदी लहानपणापासूनच्या खाण्याच्या तक्रारी आहेतच. आणि खाणं एवढं आकसलेलं की शरीराला मार बसतोय, पण बारीक व्हायची कसली इच्छा नाही, अशा स्थितीला २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक) एआरएफआयडी असं स्वतंत्र नाव आहे. आजीला हे सगळं सांगितलं नाही. साबणाचं सांगितलं. ते तिला पटलं.

आता माझी चूक. मीच सांगितलं होतं आईला की दुधात अर्धा चमचा नाचणी सत्त्व घालून बघू, अगदी थोडं, कळणार नाही. इतक्या वर्षांचा अनुभव असून हे सांगितलं, कारण रिपोर्ट बघून मलाच घाई झाली होती. त्याला कळलं. रंगाने कळलं की तळाशी बसलेल्या कणाने कळलं माहीत नाही, एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, आणि त्या दिवसापासून दूध बंद. नाचणीचं नाही, सगळंच दूध, पांढरं स्वच्छ साधं दूधही बंद, त्या ग्लासकडे बघून मागे सरकायचा. चार दिवस पोरगं बिस्किट आणि पाण्यावर. आईचा रात्री साडेदहाला फोन, रडत नव्हती, फक्त म्हणाली, "मॅडम, आता तीनच राहिले." मला तो आवाज अजून आठवतो.

दूध परत आलं ते असं. ग्लास बदलला नाही, पण तापलेल्या पातेल्यातून ग्लासात दूध ओततानाचं सगळं त्याच्यासमोर करायचं, आई आधी स्वतः एक घोट प्यायची, मग ग्लास ओट्याच्या कडेला ठेवून निघून जायची. काही बोलायचं नाही. पाचव्या दिवशी दुपारी त्याने येऊन बोट बुडवून चाटलं. सातव्या दिवशी प्यायला.

त्यानंतर आमच्या फाइलवर मी लाल पेनाने लिहिलं, विश्वासाच्या पदार्थात काहीही मिसळायचं नाही. औषध नाही, सत्त्व नाही, भाजीची प्युरी नाही, प्रोटीन पावडर तर नाहीच. नवीन जे काही असेल ते शेजारच्या वाटीत, उघड. आपल्याकडे मिसळून देण्याची एवढी सवय आहे ना, पराठ्यात पालक लपव, डोशात गाजर लपव, आणि इतर मुलांना ते चालूनही जातं, पण ज्याच्याकडे चार पदार्थ आहेत त्याच्याकडून एक गेला म्हणजे पाव दुनिया गेली.

मग क्रम लावला, बालरोगतज्ज्ञांशी बोलून. आधी शी. त्यांनी शी मऊ करणारी पीईजी पावडर दिली, ती पाण्यात पूर्ण विरघळते, चव नसते, पण तीही मी दुधात घालू दिली नाही, पाण्याची बाटली वेगळी आणि ती पावडर त्याच्यासमोरच घालायची. दोन आठवड्यांत रोज मऊ शी व्हायला लागली, ह्याच्याआधी लोह सुरू केलं असतं तर बद्धकोष्ठ आणखी वाढलं असतं. मग लोहाचं सिरप, किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या हिशोबाने, डोस अर्थात डॉक्टरांचा. ते औषध म्हणूनच दिलं. सिरिंजने गालाच्या आत मागच्या बाजूला (पुढे दिलं तर दात काळे पडतात), कार्ड दाखवून, औषध, मग दहा आकडे मोजायचे, मग बस. बस म्हणजे गॅलरीतून सिटीलिंकच्या बसचे नंबर वाचायचे, हे त्याचं जगातलं सगळ्यात आवडतं काम. पहिले सहा दिवस दोघांनी धरून द्यावं लागलं, मला अजिबात आवडलं नाही, पण ७.८ वर थांबायला वेळ नव्हता. सातव्या दिवसापासून स्वतः तोंड उघडायला लागला, डोळे मात्र रस्त्याकडे. दुधाच्या आधी-नंतर दोन तास अंतर.

दूध कमी करणं सगळ्यात किचकट. आईने ग्लासात थोडंसं कमी ओतून बघितलं, तर त्याने तिचा हात धरून पातेल्याकडे नेला. त्याची खूण होती, दूध कोरलेल्या नावाच्या वर आलं पाहिजे. म्हणजे पातळी कमी करता येणार नाही. मग आम्ही ग्लासच काढले, एकेक करून. आधी रात्री अकराचा, तो झोपेतलाच होता, चार रात्री कुरकुर झाली. मग पहाटेचा. मग शाळेतून आल्यावरचा, त्याच्याजागी वेफर्सची वाटी. सप्टेंबरअखेर तीन ग्लास राहिले, तेवढे आम्ही ठेवले, कॅल्शियम आणि प्रोटीन तिथूनच तर येतंय, तेही काढलं तर खाईल काय.

आणि मग पहिल्यांदा त्याला खरी भूक लागायला लागली. संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरात येऊन उभा राहायचा.

पुढचं काम वेफर्सवरून केलं. हे मूल मऊ-ओलं-मिसळलेलं काही घेणार नाही हे दिसतच होतं, त्याला कोरडं, कुरकुरीत, खारट, फिकट रंगाचं पाहिजे, प्रत्येक घास सारखा. बाजारातला वेफर एवढा लाडका का, तर तो दर वेळी तोच असतो, द्राक्षाचा घड तसा नसतो, एक मणी गोड एक आंबट एक पचपचीत. (मामाच्या मळ्यातली द्राक्षं दर हंगामात क्रेटने यायची आणि हा वासानेच घर सोडून गॅलरीत जायचा, मामाला भयंकर वाईट वाटायचं.) तर पहिली पायरी नवीन पदार्थ नव्हतीच, तेच वेफर्स पुड्याऐवजी वाटीत. ह्याला नऊ दिवस लागले. मग वाटीत चार पिवळ्या पुड्यातले आणि एक आजीच्या वाळवणातला, उपवासाचा बटाट्याचा, तळून. तो बाजूला काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी पण. अकराव्या दिवशी मोडून वास घेतला. साधारण पंधराव्या-सोळाव्या दिवशी खाल्ला, आणि त्यानंतर जसं काही तो कायमच खात होता!

एक गोष्ट इथे फार कामाला आली, नको वाटी. एक छोटी रिकामी वाटी ताटाशेजारी कायम ठेवायची, जे नको ते त्याने तिथे टाकायचं, कोणी रागवणार नाही, कोणी परत ताटात ठेवणार नाही. आधी नको असलेली गोष्ट थेट भिंतीवर जायची. वाटी आल्यावर त्याला ती उचलून तिथे ठेवावी लागायची, म्हणजे बोटांना लागायची, नाकाजवळून जायची. हे पण खाण्याचंच काम आहे, गिळणं सगळ्यात शेवटी येतं. आई काय, कधी आणि कुठे ते ठरवणार, तो किती आणि खायचं की नाही ते ठरवणार, एवढी एकच वाटणी घरात सगळ्यांना पाठ करून दिली. पप्पांना सगळ्यात जड गेलं, "एक घास पप्पांसाठी" हे तोंडात बसलेलं.

बाकी छोट्या गोष्टी भराभर सांगते. उंच खुर्चीवर पाय लोंबकळायचे म्हणून खाली पाट ठेवून पायांना आधार दिला, ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडमने सांगितलेलं, फरक पडला. जेवायच्या अर्धा तास आधीच कुकर लावून घ्यायचा कारण शिट्टीला तो कान दाबायचा आणि मग पुढचा तासभर गेला. मोबाइल मी लगेच बंद केला नाही, लोक म्हणतात आधी तो बंद करा, पण एका वेळी एकच लढाई. शाळेत पोळी-भाजीचाच डबा असा नियम होता, बिस्किट आणलं की परत पाठवायचे, पोरगं नऊ ते एक उपाशी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, सवलत मागायचा त्याला हक्क आहे, मी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या आणि विषय संपला.

वाळवणाच्या वेफरनंतर नाचणीचा पापड आला, आजीच्या हातचा, तांदूळ-नाचणी अर्धी अर्धी, रंग जरा भुरकट पण कुरकुर तीच. त्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, ज्या नाचणीने जुलैत घात केला तीच ऑक्टोबरात पापड होऊन स्वतःच्या पायाने आली. मग पातळ पोह्यांचा चिवडा, आधी नुसते पोहे-मीठ-हळद, कढीपत्ता नाही शेंगदाणा नाही, मग त्यात मोजून पाच डाळ्या. पोळीही परत आली, तव्यावर दाबून कडक केलेली, खाकऱ्यासारखी, तो तिला पापडच म्हणतो, म्हणू दे.

अंड्याचा किस्सा तर आजीमुळे झाला. घरात माळकरी माणूस, ओट्यावर अंडं येणं शक्य नाही, पण दूध कमी केल्यावर प्रोटीनसाठी मी विषय काढला आणि आजीनेच सुचवलं की गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळा तवा, आणि मी त्या वेळी देवळात जाईन. उकडलेल्या अंड्याच्या वासाने दादूला उलटी झाली. ऑम्लेटही नको. पण एक दिवस पप्पांकडून करपलं, आणि त्याने फक्त ती जळकी जाळीदार कड तोडून खाल्ली. तेव्हापासून पप्पा ऑम्लेट मुद्दाम पातळ आणि करपवून करतात, कड त्याची, मधला भाग त्यांचा. पेरू डिसेंबरात, तोही कच्चा, कडक, मिठासोबत दोन फोडी. दोन फोडी म्हणजे २० ग्रॅम, पण पेरूत क जीवनसत्त्व एवढं असतं की त्याची दिवसाची गरज तेवढ्यात जवळपास भागते आणि जेवणातलं लोहही बरं शोषलं जातं, तोपर्यंत क जीवनसत्त्व सिरपमधूनच देत होतो. वरण, कुठलीही शिजवलेली भाजी, दही, केळं अजूनही नाही. डाळीच्या धिरड्यावर आम्ही दोन महिने घालवले आणि हरलो.

पोपडा खाणं लोह सुरू केल्यावर महिन्याच्या आत थांबलं, कोणी मारलं नाही, मिरची लावली नाही. कॉलर चावणं आहे अजून, ते वेगळं आहे. हिमोग्लोबिन नोव्हेंबरात १०.४, जानेवारीत ११.९. साठा भरायला सिरप पुढे तीन महिने चालू ठेवलं. वजन मात्र नऊ महिन्यांत फक्त ६०० ग्रॅम वाढलं आणि शेजारची एक बाई म्हणाली, काय हो, दादू वाळला का?

मार्चमध्ये शेवटचे आले तेव्हा आईने यादी दाखवली, अकरा. आजीच्या चेहऱ्यावर मात्र वेगळीच काळजी, पापडांचा डबा तळाला गेलाय, जेमतेम तीन आठवडे पुरतील, आणि ह्या वर्षी ऊन लवकर लागलंय तर वाळवण आत्ताच घालू का म्हणून विचारत होती. मी हिशोब केला, दिवसाला चार म्हणजे वर्षाला १४६०. आजी म्हणाली, सोळाशे लाटते, मोडतात थोडे. मी म्हटलं आजी, नाचणी मागच्याच दुकानातली आणा, अर्धी अर्धीच, आणि पहिला घाणा झाला की जुन्या पापडाशेजारी ठेवून रंग बघा. ती म्हणाली, "ते मला नको सांगू, मी दहा जुने बाजूला काढून ठेवलेत."